नवा लेखक दुसरी कथा पाठवील असे संपादन: अतिलघुकथेच्या संपादकांसाठी कार्यपद्धती

अतिलघुकथेच्या नियतकालिकाचे काम तपासायचे असेल, तर नव्या लेखकाची पहिली कथा छापली गेली की नाही हे पाहण्याऐवजी त्याने पुढे दुसरी आणि तिसरी कथा लिहिली की नाही हे पाहावे, अशी माझी ठाम धारणा आहे. पहिली कथा पुष्कळदा एखाद्या प्रसंगाच्या धक्क्यातून लिहून होते. दुसरी लिहिण्यासाठी मात्र आपली पहिली कथा कोणीतरी शब्दन्‌शब्द वाचली होती, असा विश्वास लागतो आणि तो देणे संपादकाच्या हाती असते. इंदुरात मराठी अतिलघुकथांचे एक लहान त्रैमासिक चालवताना आम्ही जी पद्धत हळूहळू बसवली, ती याच कामात असलेल्या किंवा ते सुरू करू पाहणाऱ्या संपादकांसाठी येथे क्रमाने मांडत आहे.

आधी हा नवा लेखक कोण, हे सांगायला हवे. या शहरात १९१७, १९३५ आणि २००१ साली मराठी साहित्य संमेलने भरली, आणि नाटकाची व वाचनाची हौस येथील मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली. तरीही आमच्याकडे कथा पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांचे शिक्षण हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात झालेले असते. घरी मराठी बोलणारा, ती उत्तम समजणारा, पण सलग पानभर मराठी कधीच न लिहिलेला माणूस हा आमचा नवा लेखक आहे. तो वीस वर्षांचा असू शकतो आणि निवृत्तीनंतर प्रथमच वही उघडणाऱ्या सत्तरीतल्या काकूही त्याच वर्गात येतात. दुसरीकडे, इंदूर हे हिंदी लघुकथेचे जुने केंद्र आहे, डॉ. सतीश दुबे यांच्यासारखे लघुकथाकार याच शहरातले. त्यामुळे पानभराच्या कथेचे वाचन अनेकांनी हिंदीत केलेले असते आणि लिहायची इच्छा मात्र मराठीत होते. संपादकाने या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवून पुढची प्रत्येक पायरी आखावी.

आवाहन

कथा मागवण्याचे आवाहन ही पहिली पायरी, आणि पुष्कळ नवे लेखक येथेच थबकतात. ‘दर्जेदार साहित्य पाठवावे’ या वाक्यातून लेखकाला काहीही कळत नाही. संकोची माणूस आपले लिखाण दर्जेदार नसेल असे धरून चालतो आणि मागे फिरतो. त्याऐवजी त्याच्या मनात येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे लिहावीत. शब्दमर्यादा किती, ती शीर्षक धरून की सोडून, एका वेळी किती कथा पाठवाव्यात, व्हॉट्सॲपच्या गटात किंवा फेसबुकवर आधी टाकलेली कथा चालेल का, तीच कथा त्याच वेळी दुसरीकडे पाठवलेली चालेल का, उत्तर कधीपर्यंत येईल, मानधन आहे की नाही आणि यंत्राकडून लिहून घेतलेल्या मजकुराबाबत धोरण काय, हे सर्व साध्या वाक्यांत सांगितले, की लेखकाची निम्मी धास्ती जाते.

शब्दमर्यादेविषयी थोडे थांबून बोलायला हवे. इंग्रजी नियतकालिके या प्रकारासाठी साधारणपणे हजार शब्दांची कमाल मर्यादा मानतात, आणि तीनशे किंवा नेमक्या शंभर शब्दांच्या कथाही तेथे रूढ आहेत. हे आकडे जसेच्या तसे मराठीत आणणे योग्य नाही, कारण मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. ‘घरासमोरच्या’ हा मराठीत एक शब्द होतो, तर हिंदीत ‘घर के सामने के’ असे चार शब्द मोजले जातात. तीनशे मराठी शब्दांत त्यामुळे तीनशे हिंदी शब्दांपेक्षा बराच अधिक ऐवज मावतो. आम्ही अडीचशे शब्दांची मर्यादा ठेवली आहे आणि ती पुरेशी असल्याचा आमचा अनुभव आहे. आवाहनात ‘लघुकथा’ हा शब्द एकटा वापरू नये. हिंदीत ती पानभराची असते, मराठीत दहाबारा पानांचीही असते आणि इंदुरात दोन्ही अर्थ चालतात. ‘अलक’ (‘अति लघु कथा’चे संक्षिप्त रूप) हा शब्द आता पुष्कळांना ठाऊक आहे, तरी त्याच्या शेजारी शब्दसंख्या लिहिणे बरे.

कथा कोणत्या रूपात स्वीकारणार, याबाबत उदार राहावे. युनिकोडमधील मजकूर सोयीचा असतो, पण येथील टंकलेखनाच्या दुकानांतून कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधील फाइल येण्याची शक्यता धरून चालावे. अशी फाइल परत न पाठवता तिचे रूपांतर आपणच करावे आणि रूपांतरानंतर ‘ळ’, ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ यांसारख्या जागा मूळ प्रतीशी ताडून पाहाव्यात, कारण चुका नेमक्या तेथेच शिरतात. वहीतील पानाचा मोबाइलवर काढलेला फोटोही घ्यावा. ज्यांना टंकन जमत नाही त्यांना मोबाइलवर बोलून मजकूर उतरवण्याची सोय कोणीतरी एकदा शेजारी बसून दाखवावी. असा मजकूर विरामचिन्हांविना येतो आणि त्यात ‘की’चे ‘कि’ होते, परंतु बोलण्याची लय त्यात शाबूत राहते आणि अतिलघुकथेसाठी ती फार मोलाची असते.

आवाहनासोबत आधी छापलेल्या दोनतीन कथा विनामूल्य वाचायला द्याव्यात आणि प्रत्येकीखाली ती का निवडली हे एका वाक्यात सांगावे. अशा वाक्यांतून नव्या लेखकाला जे उमगते, ते नियमांच्या लांब यादीतून उमगत नाही.

पोच आणि मुदत

कथा मिळाल्याची पोच दोन दिवसांत द्यावी आणि तीत उत्तराची तारीख लिहावी. सहा आठवडे ही वाजवी मुदत आहे. ती पाळता आली नाही, तर लेखकाने विचारण्याआधी आपण कळवावे.

वाचन

इंदूरचा मराठी समाज परस्परांना ओळखणारा आहे. रामबागेतील वाचकाला लोकमान्यनगरातील लेखकाचे घराणे, नोकरी आणि क्वचित घरातील वादही ठाऊक असतात. अशा ठिकाणी लेखकाचे नाव काढून कथा वाचणे अत्यावश्यक ठरते. एका व्यक्तीने सर्व कथा गोळा कराव्यात, हस्तलिखिते टंकित करावीत, नावे काढून क्रमांक द्यावेत आणि निवडीत मत देऊ नये. हस्ताक्षरावरून ओळख पटते, म्हणून मूळ पाने वाचकांपुढे जाऊ देऊ नयेत.

प्रत्येक कथा किमान दोघांनी स्वतंत्रपणे वाचावी, आणि त्यांपैकी एक वाचन मोठ्याने व्हावे. अडीचशे शब्द वाचायला दोन मिनिटे लागतात. तेवढा वेळ नाही असे कोणत्याही संपादकाला म्हणता येणार नाही. वाचकाने कथा घ्यावी की नाही हे सांगण्याआधी दोन ओळी लिहाव्यात: मी कोठे गुंतलो आणि माझे लक्ष कोठे निसटले. ‘चांगली’, ‘सुमार’, ‘बाळबोध’ हे शब्द या टिपणांत वर्ज्य करावेत. हीच टिपणे पुढे लेखकाला लिहायच्या पत्राचा कच्चा माल ठरतात, आणि केवळ निकाल लिहिलेल्या टिपणातून पत्र तयार होत नाही.

कधीकधी एखादी कथा आधी कोठेतरी वाचल्यासारखी वाटते. व्हॉट्सॲपवर निनावी फिरणारी कथा आपल्या शब्दांत लिहून पाठवणाऱ्या अनेकांना त्यात गैर आहे याची खरोखरच कल्पना नसते. कथेतील एक वेगळे वाक्य जसेच्या तसे शोधून पाहावे. ते सापडले तर लेखकाशी एकट्याने, फोनवर बोलावे, आणि त्याच बोलण्यात त्याच्या स्वतःच्या पाहण्यातील एखादा प्रसंग लिहून मागावा.

नकाराचे पत्र

आलेल्या कथांपैकी बहुतेक कथा छापता येत नाहीत. त्यामुळे नव्या लेखकाचा संपादकाशी पहिला संबंध बहुधा नकाराच्या पत्रातून येतो, आणि म्हणून या पत्रावर मी सर्वाधिक वेळ देतो. मराठीत या कामाचा मोठा वारसा आहे. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना कथेतील नेमक्या जागांविषयी सविस्तर पत्रे लिहीत, कथा पुन्हा लिहून मागत आणि त्यासाठी वाट पाहत. त्याच ‘सत्यकथे’चा अंक १९६९ साली तरुण लेखकांनी प्रस्थापित अभिरुचीच्या निषेधार्थ जाळला, हेही संपादकाने लक्षात ठेवावे. पत्रे कितीही मन लावून लिहिली, तरी निवडीमागची अभिरुची एकाच वर्तुळात फिरू लागली तर बाहेरच्या माणसाला ती बंद दारासारखी वाटते. म्हणून वाचकांच्या गटात दरवर्षी वेगळ्या वयाचे आणि वेगळ्या वस्तीतले निदान एक माणूस नव्याने घ्यावे.

पत्रात प्रथम कथेतील जी जागा मनात राहिली तिचा नेमका उल्लेख करावा. ती खरीच असावी. खोटे कौतुक लेखकाला ताबडतोब कळते. नंतर एकच अडचण मांडावी आणि शक्यतो प्रश्नाच्या रूपात मांडावी. कथेत सात दोष दिसत असले तरी सात लिहू नयेत, कारण नवा लेखक एका वेळी एकाच गोष्टीवर काम करू शकतो आणि सातांची यादी वाचून तो कामच सोडतो. शेवटी पुढे काय करावे हे निःसंदिग्धपणे सांगावे: हीच कथा दुरुस्त करून पाठवावी की नवी पाठवावी. दुरुस्त कथा घेण्याचा विचार नसेल तर ‘पुन्हा पाहता येईल’ असे मोघम लिहू नये; त्या एका शब्दावर माणूस महिनाभर बसून राहतो. नमुन्यादाखल असे पत्र देतो:

‘आदरणीय ताई, स. न. वि. वि. आपली कथा आम्ही दोघांनी वाचली आणि एकदा मोठ्याने वाचली. सून रोज सकाळी सासूच्या चष्म्याच्या काचा आपल्या पदराने पुसते आणि त्याबद्दल दोघीही कधी बोलत नाहीत, ही जागा आमच्या मनात राहिली. शेवटच्या चार ओळींत दोघींमधील जुने भांडण आपण सांगता. ते भांडण वाचकाला चष्म्याच्या प्रसंगातूनच कळले असते का, असा प्रश्न आम्हाला पडला. या अंकासाठी ही कथा घेता येत नाही. आपण ती पुन्हा लिहिलीत तर आम्हाला ती अवश्य वाचायची आहे. पुढील अंकासाठी महिनाअखेरपर्यंत पाठवावी. कळावे, लोभ असावा.’

हे पत्र लिहायला पंधरावीस मिनिटे लागतात. सर्व लेखकांना असे पत्र लिहिणे शक्य नसेल, तर जे प्रथमच पाठवत आहेत त्यांना तरी लिहावेच. ‘वाचन वाढवा’, ‘अभ्यास कमी पडतो’ ही वाक्ये कोणालाही लिहू नयेत. ती कथेविषयी काही सांगत नाहीत आणि माणसाला खाली पाहायला लावतात.

कथेवरचे काम

स्वीकारण्याजोगी, पण अजून पक्की न झालेली कथा हाती येते तेव्हा संपादनाचे खरे काम सुरू होते. येथे एक उदाहरण सविस्तर घेतो. मसुदा आणि त्याचे दुसरे रूप मी या लेखासाठीच रचले आहे, कारण कोणाही नव्या लेखकाची कच्ची कथा चारचौघांत उलगडू नये, असा आमचा नियम आहे. शीर्षक आहे ‘एकटेपणा’:

‘मालतीबाईंना दोन मुले होती. थोरला पुण्याला आणि धाकटा कॅनडाला गेला. यजमान गेल्या वर्षी वारले. पूर्वी त्या दहा किलो गहू दळायला न्यायच्या. आज त्या दोन किलो घेऊन चक्कीवर गेल्या. चक्कीवाला म्हणाला, इतक्या कमीचे वेगळे दळता येणार नाही, दुसऱ्याच्या दळणाबरोबर घालावे लागेल. मालतीबाई घरी आल्या. त्यांना रडू कोसळले. माणसे गेली की घर किती रिकामे होते, हे त्यांना आज कळले.’

नव्या लेखकांच्या कथांत वारंवार दिसणाऱ्या बहुतेक गोष्टी येथे आहेत. शीर्षक कथेचा आशय आधीच सांगून टाकते. पहिली तीन वाक्ये पात्राची माहिती देतात आणि शेवटची दोन तात्पर्य सांगतात. मधोमध मात्र एक अस्सल गोष्ट पडून आहे: दोन किलोचे दळण वेगळे निघत नाही, ते दुसऱ्याच्या धान्यात मिसळावे लागते. लेखकाने ती पाहिली आहे, पण तिचे मोल त्याला अजून कळलेले नाही. संपादकाने येथे स्वतः लेखणी चालवली तर कथा सुधारेल, परंतु लेखकाला पुढच्या कथेसाठी काही मिळणार नाही. म्हणून समासात केवळ प्रश्न लिहावेत. दहाचे दोन किलो झाले एवढे कळल्यावर मुलांची आणि यजमानांची माहिती वाचकाला लागेल का? चक्कीवाल्याचे म्हणणे ऐकल्यावर मालतीबाई तेथे उभ्या होत्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे काय होते? त्यांचे दळण कोणाच्या दळणात जाणार होते? चक्कीवाला त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलतो? शेवटचे वाक्य मालतीबाईंचे आहे की लेखकाचे?

या प्रश्नांनंतर तीच कथा पुढील वळण घेऊ शकते. शीर्षक ‘दोन किलो’:

‘चक्कीवाल्याने डबा काट्यावर ठेवला आणि पुन्हा उचलून पाहिला. “इतने का अलग नहीं निकलेगा, काकी. आधा आटा चक्की में ही रह जाएगा. दूसरे के साथ डाल देता हूँ, तौल के ले जाना.” मालतीबाईंनी रिकाम्या पिशवीची घडी घातली, मग ती उलगडून पुन्हा घातली. भिंतीशी चार डबे रांगेत होते. एकावर खडूने नाव लिहिलेले, एकाच्या कडीला लाल दोरा. लाल दोऱ्याचा डबा सर्वांत मोठा होता. त्यात घाल, असे त्यांनी बोटाने दाखवले. “उनके घर में कितने लोग हैं?” त्यांनी विचारले.’

मुले, यजमान आणि रडणे गेले, तरी यातील काहीही हरवले नाही. संपादकाने एकही वाक्य पुरवले नाही, ही यातील महत्त्वाची गोष्ट आहे. प्रश्न विचारताना उत्तर आपल्या मनात ठरलेले असेल तर तो प्रश्न राहत नाही. लेखकाने लाल दोऱ्याऐवजी वेगळेच काही आणले, तर त्याचे स्वागत करण्याची तयारी हवी. नाहीतर वर्षभरात अंकातील सर्व कथा संपादकाच्याच वाटू लागतात, आणि हा धोका अतिलघुकथेत अधिक असतो, कारण एवढ्याशा कथेत दहा शब्द बदलले तरी तिचा आवाज बदलतो.

शेवटाला कलाटणी देण्याच्या हव्यासाविषयीही लेखकाशी बोलावे लागते. शेवटच्या ओळीत पात्र मृत निघणे, सारे स्वप्न असणे, ‘ती’ म्हणजे गाय किंवा बाहुली असणे, अशा कथा पुष्कळ येतात. यावर उपदेश न करता एक साधी कसोटी सुचवावी: शेवट ठाऊक असलेल्या माणसाला ही कथा दुसऱ्यांदा वाचावीशी वाटेल का?

इंदुरी मराठी

भाषेच्या बाबतीत संपादकाने दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या ठेवाव्यात. लेखनाच्या चुका वेगळ्या आणि इंदूरची बोली वेगळी.

मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि १९७२ साली आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. बहुतेक मराठी प्रकाशने हेच नियम पाळतात आणि आम्हीही पाळतो. हिंदी माध्यमात शिकलेल्या लेखकाच्या चुका ठरावीक ठिकाणी होतात. तो ‘कवि’, ‘नीति’, ‘शक्ति’ असे लिहितो, कारण हिंदीत ते बरोबर असते. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ होऊन ‘कवी’, ‘नीती’, ‘शक्ती’ असे लिहायचे असते. ‘कि’चे ‘की’ करावे लागते. लिंगाचा गोंधळही होतो: ‘आवाज’, ‘देह’, ‘विजय’ हे हिंदीत स्त्रीलिंगी आणि मराठीत पुल्लिंगी. या दुरुस्त्या संपादकाने न विचारता कराव्यात, परंतु केलेल्या दुरुस्त्यांची प्रत लेखकाला दाखवावी. आम्ही अशा शब्दांचे एक पान तयार केले आहे आणि ते प्रत्येक नव्या लेखकाला पहिल्या पत्रासोबत पाठवतो. चुकांचे कारण कळल्यावर लेखकाची लाज जाते. आपण अडाणी आहोत म्हणून चुकत नाही, तर दुसऱ्या भाषेचा नियम लावतो म्हणून चुकतो, हे त्याला दिसते.

बोलीचे तसे नाही. ‘तो केव्हाचा बोलून राहिला आहे’ हे वाक्य पुण्याच्या वाचकाला खटकेल, पण येथील घराघरांत ते असेच बोलले जाते. संवादात आणि या मातीतल्या निवेदकाच्या तोंडी ते ठेवावेच. मराठी बाई भाजीवाल्याशी हिंदीत बोलते, मुलाशी अर्धे हिंदी अर्धे मराठी बोलते आणि देवघरात मराठीत पुटपुटते. कोपऱ्यावरचा मुलगा तिला ‘काकी’ आणि तिच्या मुलाला ‘भिया’ म्हणतो. हे सर्व कथेत येऊ द्यावे आणि तळटीप देऊ नये. नवे लेखक बहुधा उलट करतात: आपली भाषा कमअस्सल आहे असे वाटून ते पुस्तकी मराठीत लिहितात आणि कथा निर्जीव होते. अशा लेखकाला ‘हा प्रसंग तुम्ही घरी कसा सांगाल, तसा सांगा’ असे म्हणावे, आणि तो सांगत असताना शक्य झाल्यास त्याच्या परवानगीने ध्वनिमुद्रण करून त्यालाच ऐकवावे.

संमती, हक्क, मानधन

गूगल डॉक्समध्ये सूचना सुचवण्याची सोय वापरली, तर लेखकाला प्रत्येक बदल स्वीकारता किंवा नाकारता येतो. ज्येष्ठ लेखकांना ते अवघड जात असेल, तर मूळ आणि संपादित अशा दोन प्रती छापून द्याव्यात आणि फोनवर ओळीओळीने बोलावे. अर्थाला आणि आवाजाला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक बदलाबाबत शेवटचा शब्द लेखकाचा असतो. मतभेद मिटले नाहीत, तर कथा मागे घेण्याचा मार्ग मोकळा असावा आणि त्यावरून पुढे अढी धरू नये. छपाईपूर्वी अंतिम प्रत दाखवून निदान दोन दिवस द्यावेत.

हक्कांविषयी नव्या लेखकाला कोणी काही सांगत नाही, म्हणून संपादकानेच सांगावे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथेचा हक्क मुळात लेखकाचा असतो आणि तो लेखी कराराशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. अशा करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. त्याच कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे आपल्या लेखनाचे कर्तृत्व सांगण्याचा आणि त्याच्या हानिकारक मोडतोडीस हरकत घेण्याचा हक्क लेखकापाशी राहतो. आम्ही एका परिच्छेदाचे पत्र देतो: ही कथा प्रथम प्रसिद्ध करण्याची परवानगी आपण आम्हाला दिली आहे, प्रसिद्धीनंतर ती आपल्या संग्रहात किंवा अन्यत्र आपण वापरू शकता. हे पत्र हाती पडल्यावर माणूस स्वतःला लेखक म्हणू लागतो, असे मी पुन्हापुन्हा पाहिले आहे. मानधन कितीही लहान असले तरी द्यावे, आणि ते शक्य नसेल तर आवाहनातच तसे सांगून अंकाच्या दोनतीन प्रती द्याव्यात. प्रकाशनासाठी लेखकाकडून पैसे मात्र कधीही घेऊ नयेत.

दुसऱ्या कथेकडे

कथा छापून आल्यानंतरचे दोन महिने नाजूक असतात. कौतुक होते, फोन येतात, आणि लेखक पुढची कथा पहिलीसारखीच लिहायला बसतो. याच काळात संपादकाने एकदा विचारणा करावी, विषय सुचवू नये, केवळ सध्या काय पाहत आहात, काय मनात आहे एवढे विचारावे. २००३ पासून निघणारे ‘स्मोकलाँग क्वार्टर्ली’ हे इंग्रजी नियतकालिक नवोदितांसाठी अभ्यासवृत्ती देते आणि निवडलेला लेखक चार अंकांच्या काळात संपादकांबरोबर काम करतो. मोठा निधी नसतानाही यातील मूळ कल्पना आपल्याकडे आणता येते: दरवर्षी एक-दोन नव्या लेखकांना निवडून चारही अंकांसाठी त्यांच्यासोबत काम करण्याचे वचन द्यावे, मग त्या कथा छापल्या जावोत वा न जावोत.

महिन्यातून एकदा वाचनाची बैठक घ्यावी. कोणाच्या घरी किंवा एखाद्या ग्रंथालयाच्या खोलीत दहाबारा माणसे पुरेत. नकार मिळालेल्यांना आवर्जून बोलवावे. लेखकाने कथा वाचावी, ऐकणाऱ्यांनी त्यांना काय दिसले ते सांगावे, आणि सर्वांचे बोलून होईपर्यंत लेखकाने स्पष्टीकरण देऊ नये. आपली कथा शब्दांनी किती पोचवली आणि किती आपल्याच मनात राहिली, हे त्याला त्या वेळी ऐकता येते. बैठकीत ज्येष्ठांची भाषणे होऊ देऊ नयेत. इंदुरात अगत्य भरपूर आहे आणि पोहे-जिलबीवर गप्पा रंगतात. वाचन आधी आणि खाणे नंतर, हा क्रम पाळला तर काम होते.

दोनतीन कथा छापून आलेल्या लेखकाला पुढे पहिल्या वाचकाची जबाबदारी द्यावी. दुसऱ्याच्या कथेत आपले लक्ष कोठे निसटले हे लिहिता लिहिता त्याला स्वतःच्या कथेतील तशाच जागा दिसू लागतात. १९४७ साली सुरू झालेल्या इंदूरच्या ‘नईदुनिया’ या हिंदी दैनिकाचे संपादक राहुल बारपुते मराठी घरातले होते, आणि राजेंद्र माथुर यांच्यासारखे पुढे संपादक म्हणून नावाजलेले पत्रकार त्यांच्या सहवासात घडले. संपादकाजवळ काम करत करत संपादक तयार होतात, याचे आपल्या शहरातील हे उदाहरण समोर आहे.

नोंदवही

या सर्व कामासाठी एक नोंदवही ठेवावी, कागदी असो वा संगणकावरची. प्रत्येक लेखकाच्या नावापुढे कथा कधी आली, उत्तर कधी गेले, पत्रात कोणती एक अडचण मांडली आणि पुढची कथा आली का, एवढेच लिहावे. तिसऱ्या कथेला उत्तर देताना पहिल्या दोन पत्रांत काय म्हटले होते ते पाहून घ्यावे, म्हणजे तीच सूचना पुन्हा जात नाही आणि झालेली प्रगती नेमक्या शब्दांत सांगता येते. सहा महिन्यांतून एकदा वही चाळून, ज्यांची दुसरी कथा आली नाही त्यांना दोन ओळींचे पत्र लिहावे. खाजगी मजकूर, घरगुती अडचणी किंवा शेरे त्यात लिहू नयेत, कारण संपादक बदलतात आणि वही पुढच्या संपादकाकडे जाते. सूत्रे सोपवताना दोघांनी एकत्र बसून ती पहिल्या पानापासून वाचावी आणि ज्या लेखकांना उत्तर देणे बाकी आहे, त्यांची पत्रे नव्या संपादकाने त्याच आठवड्यात लिहावीत.